खोबरेल तेल लावलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक जुना एअर फिल्टर आहे. आकार शंकूसारखा, अंगावर सुती जाळीच्या घड्या. गाडीच्या इंजिनाला स्वच्छ हवा देणे एवढेच माझे काम. सध्या मयूर विहारच्या एका बाल्कनीत कुंडीमागे पडून असतो.

इंद्रजितने जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि कंपनीच्या फिल्टरचा बंद डबा काढून मला बसवले. माझ्यामुळे हवा मोकळी मिळे. पेडलवर पाय पडला की गाडी लगेच उसळे. "यार, रिस्पॉन्स बघ!" असे तो मित्रांना अर्धा-अर्धा तास समजावत असे. मी जरा फुगलोच होतो, ते कबूल करतो.

दिल्लीची धूळ खाऊन मी लवकर काळा पडे. मग मला धुवायचे, वाळवायचे आणि खास लाल तेलाचे मोजके थेंब द्यायचे. हे इंद्रजित स्वतः करी. जानेवारीत मात्र ऑफिसच्या घाईत तो आईला म्हणाला, "आई, एवढा फिल्टर धुऊन ठेव ना, तेल लाव थोडं." कुठले तेल, ते त्याने सांगितले नाही. लाल बाटली त्याच्या ऑफिसच्या बॅगेतच राहिली.

त्याच्या आईने, अरुणाताईंनी, मला मायेने धुतले. गोठलेले खोबरेल उन्हात पातळ केले आणि लहान मुलाच्या टाळूला घालावे तसे भरपूर जिरवले. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर इंद्रजितने घाईत, न पाहताच मला बसवले.

दुसऱ्या दिवशी त्याची बहीण नीरजा हिची पानिपतच्या कॉलेजात मुलाखत होती. कायम नोकरीची, चार वर्षांनी आलेली. अरुणाताईंसह तिघे पहाटेच्या धुक्यात निघाले. थंडीत तेल माझ्या घड्यांत गोठले होते. इंजिनाला हवा पुरेना. पेडल दाबले की गाडी गुदमरे. पानिपतच्या अलीकडे ती बंदच पडली.

मेकॅनिकने मला काढून हुंगले. "भाईसाहब, इसमें नारियल तेल किसने डाला?"

"मीच लावलं," अरुणाताई हळूच म्हणाल्या. "घरात तेच असतं ना."

"तुझी नाही गं, चूक माझी आहे," इंद्रजित म्हणाला.

नीरजा बसने गेली. पोहोचली तेव्हा मुलाखती संपल्या होत्या.

त्याच आठवड्यात जुना डबा गाडीत परत बसला. मला त्याचे फारसे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या आवडीची वस्तू कुणाच्या हाती द्याल, तेव्हा ती कशी जपायची हेही सांगा. अर्धवट सांगितलेल्या कामाचे ओझे करणाऱ्यावर पडते.

त्या दिवसाबद्दल घरात अरुणाताईंना कुणीही बोलले नाही. पण काल इंद्रजितचा साधा ऑफिसचा शर्ट हातात घेऊन त्या बाल्कनीच्या दारात उभ्या होत्या. "इंद्रजित," त्यांनी विचारले, "हा मी धुतला तर चालेल ना रे?"