सिमेंट ल्यालेली भिंत

मी एक जुनी मातीची भिंत आहे. बानी नदीच्या काठच्या गावात, मशिदीमागच्या बोळात, रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. भिंतींना कान असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या पोटात मत्सरही असतो, हे मात्र तुम्हाला कोणी सांगितले नसेल. माझ्या तर तो विटाविटांत भरला आहे.

मित्रांनो, माझी माती नदीकाठच्या खड्ड्यात तयार झाली. तिथे चिखलात भाताचा कोंडा घालतात, पायांनी तुडवतात आणि नाक धरावे लागेल असा वास सुटेपर्यंत आंबू देतात. जितका वास जास्त, तितकी भिंत चिवट. बामोय गवंड्याच्या आजोबांनी मला बांधले. आमच्याकडे घराचा गवंडी ठरलेला असतो. बापामागे मुलगा येतो, दुसरा कोणी हात लावत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी बामोय येई आणि नुसत्या तळहाताने माझ्या अंगाला नवा गिलावा देई. पावसात मी थोडे पाणी पीत असे, थोडी झिजत असे आणि ऊन पडले की प्यायलेले पाणी सोडून देत असे.

पण मी सुखी नव्हते. मशिदीच्या लिंपणाला सारा गाव ढोल वाजवत धावे आणि माझ्यासाठी येई तो एकटा बामोय! त्यात कोपऱ्यावर एक सिमेंटची भिंत उभी राहिली. गुळगुळीत, करडी, पावसाला दाद न देणारी. तिला पाहून माझा नुसता जळफळाट होई.

आमचा घरधनी अंतांदूही तिच्याकडे टक लावून बघे. तो डोंगरावरच्या कांदेवाल्यांपैकी, तर बामोय नदीवरच्या कोळ्यांपैकी. या दोन जमातींत पणजोबांपासून चेष्टेचे नाते आहे. भेटले की एकमेकांना शिव्या घालायच्या, राग मानायचा नाही आणि अडचणीत नाही म्हणायचे नाही. त्या वर्षी मात्र बामोय चिखलाची टोपली घेऊन आला, तेव्हा अंतांदू खाली मान घालून म्हणाला, "बामोयजी, तुमचे फार उपकार आहेत. यंदा आम्ही सिमेंट लावतोय. तुम्ही कष्ट घेऊ नका."

बामोयचा चेहरा उतरला. "सिमेंट लाव, नाहीतर सोनं लाव. पण कांदेखाऊ मला 'जी' म्हणतो? मी परका झालो का रे?"

बामोय टोपली उचलून गेला, तो पुन्हा उंबऱ्याशी आला नाही.

मी सिमेंट ल्याले आणि कोण मिरवले! पण बोळात माझ्यासमोर दुसऱ्या घराची मातीची भिंत होती, तिचा गवंडी मूलबाळ नसताना वारला होता. तिचे काम बामोयकडे गेले. तो माझ्याकडे पाठ करून तिला लिंपू लागला. तेच तळहात, तीच गुणगुण. माझे असलेले दुसरीला मिळताना पाहणे किती कठीण असते, ते मला तेव्हा कळले.

इकडे माझ्या सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडल्या. पाणी आत शिरे, पण बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून मी चकचकीत, आतून नुसता चिखल. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माझे एक ढेकूळ आतल्या बाजूने निखळले आणि अंतांदूची बायको यासिगी बाजरी कांडत होती, तिच्या उखळातच पडले. तिने मला बोट लावले. बोट आत गेले. पुढच्या पावसात सारे घर खाली येणार, हे तिला दिसले.

ती तशीच बाहेर आली. बामोय समोर लिंपत होता.

"ए मासेखाऊ! माझं घर पडतंय, आणि तू खुशाल दुसऱ्यांच्या भिंती गोंजारतोस? मासे खाऊन डोक्यात काटे अडकले का?"

बामोय वळला नाही. "नवऱ्याला विचार. तो मला 'तुम्ही' म्हणतो."

यासिगीने अंतांदूला हाताला धरून बाहेर ओढले. तो रडवेल्या आवाजात ओरडला, "कुजक्या मासळीच्या! बापजाद्यांचं घर पडू देतोस? लाज नाही वाटत?"

बामोय हसला. किती दिवसांनी हसला! "आता कसा माणसात आलास, कांद्याच्या साली! आण हातोडा."

सिमेंट निघाले, तेव्हा माझी कातडीही सोबत गेली. बामोयने मला आधी पुरते वाळू दिले, पोकळ जागी नव्या विटा बसवल्या आणि मग तळहात टेकला. मला पुन्हा श्वास आला.

मित्रांनो, काल समोरच्या दारात सिमेंटची पोती उतरली. बामोय आता माझ्या एकटीचा होणार, म्हणून मला आधी आनंद झाला. मग त्या उखळातल्या ढेकळाची आठवण झाली. माझा आवाज कोणाला ऐकू जात नाही, तुमचा जातो. तिच्या घरच्यांना सांगा, तिला तिच्या मातीतच राहू द्या आणि वर्षातून एकदा तिच्या अंगावरून हात फिरू द्या. तो हात बामोयचा असेल आणि मी इथून बघत जळत असेन. चालेल मला. पण आधी ती पोती परत पाठवा.