वाटून खाल्लेलं औषध

सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं की पहिला आवाज मशीनचा नसे, बायकांच्या कण्हण्याचा असे. तिथे इस्पितळांच्या चादरी आणि डॉक्टरांचे पांढरे कोट शिवले जात. दुसऱ्यांच्या आजारपणाची सोय करणाऱ्या या बायकांपैकी कितीतरी जणींना संधिवातानं गाठलं होतं. सकाळी मुठी वळायच्या नाहीत, आणि वळल्या तर उघडायच्या नाहीत. मग सगळ्या चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून बसायच्या आणि ऊब लागून बोटं सैल झाली की कामाला लागायच्या.

"आपण चहा कुठे पितो गं? आपण चहाचा शेक घेतो!" काज-बटणं करणारी बाई म्हणायची. तिला सगळ्या बटणवालीच म्हणत. तिची बोटं सगळ्यांत वाईट आणि जीभ सगळ्यांत तिखट.

या बायकांची म्होरकी होती काकू. काकू कापड बेतायची आणि कापायची. तिच्या कात्रीखालून तागा गेला की चिंधीसुद्धा वाया जात नसे. कुणाचं भांडण झालं, कुणाच्या घरी आजारपण आलं, की सगळ्या आधी काकूकडे धावत. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे मधोमध उघडायचे आणि जिला जे हवं ते तिनं घ्यायचं, हा काकूचा नियम होता. आपला डबा एकटीनं खाणारीला ती असं काही बघायची की घास घशातच अडकावा.

एके दिवशी इस्पितळातल्या सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. संधिवातावर एक नवी गोळी निघाली होती आणि तिचा खरंच उपयोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं.

"निम्म्या जणींना खरं औषध मिळेल," त्यांनी सांगितलं, "आणि निम्म्या जणींना हुबेहूब तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल. मलाही ते ठाऊक नसेल. तुमची नेहमीची औषधं चालूच राहतील. प्रत्येकीला गोळ्यांची वेगळी बाटली मिळेल, आपल्या बाटलीतल्या गोळ्या आपणच घ्यायच्या. आणि मध्येच नको वाटलं तर कधीही सोडा, कुणी रागावणार नाही. काही शंका?"

कुणालाच शंका नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं? समजलं नाही असं चारचौघांत म्हणायला मात्र फार धाडस लागतं, आणि ते तुमच्याआमच्यातही कितीसं असतं!

काकूला मात्र एक प्रश्न होता. बाकीच्या गेल्यावर तिनं तो हळूच विचारला. तिची एकुलती एक लेक नकाशे काढायचं काम शिकत होती आणि तिचीही बोटं नुकतीच सकाळी आखडायला लागली होती.

"माझं जाऊ द्या हो, माझं निम्मं आयुष्य सरलं. पण या गोळीनं माझ्या लेकीचे हात वाचतील का?"

"तिचं वय कमी आहे, तिला आत्ता घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गोळी खरी ठरली ना काकू, तर तिचा सगळ्यांत जास्त फायदा तुमच्या लेकीसारख्यांनाच. बोटं वाकायच्या आत मिळायला हवी, एवढंच. म्हणून तर ही घाई."

काकूनं त्याच दिवशी आपलं नाव दिलं. तिच्यामागोमाग सगळ्यांनी दिलं.

काही आठवडे गेले. काकूचे हात हलके झाले. एका सकाळी तिनं चहाची वाट न बघता कात्री उचलली, तेव्हा मशीनवरच्या बायका बघतच राहिल्या. आणखी काही जणींना बरं वाटू लागलं. बटणवालीची बोटं मात्र जशीच्या तशी. एक दिवस तिच्या हातून सुई तीनदा निसटली आणि ती तिथेच डोळ्यांना पदर लावून बसली.

"माझ्या नशिबी खडूची गोळी आलीय गं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्या टुणटुणीत, आणि मी आपली खडू चघळत बसलेय."

काकूला ते बघवेना. आपण बरं व्हायचं आणि शेजारणीनं रडायचं? हे कुठल्या न्यायात बसतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांच्या बाटल्या मागवल्या. एक रिकामा स्टीलचा डबा घेतला. सगळ्या गोळ्या त्यात ओतल्या, झाकण लावून डबा खुळखुळवला आणि मधोमध ठेवला.

"घ्या आता. आपल्यात दुजाभाव नाही. मिळेल ते सगळ्यांना मिळेल."

बायकांचे डोळे भरून आले. बटणवालीनं काकूच्या गळ्यात हात टाकले. किती प्रेमाचा तो देखावा! आणि किती मोठी ती चूक! पण त्या क्षणी तसं वाटलं कुणाला? वाचकहो, चुका काय फक्त दुष्ट माणसंच करतात? पुष्कळशा चुका चांगली माणसंच करतात, आणि त्या चांगुलपणाच्या असतात म्हणून त्यांना कुणी टोकतही नाही.

पुढे तोच रिवाज पडला. नव्या बाटल्या आल्या की डब्यात जायच्या. डॉक्टरीणबाई दर भेटीत विचारायच्या, "आपापल्याच गोळ्या घेताय ना?" आणि सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "हो, हो!" बाटल्या वेळेवर रिकाम्या होत. "तुमच्याइतक्या शिस्तीच्या बायका मी पाहिल्या नाहीत," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा बटणवालीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात बाटल्या नव्हत्या.

"तुमचे आभार मानायला आले," त्या म्हणाल्या. "अभ्यास संपला. गोळी मात्र फोल निघाली. खरी घेणाऱ्यांत आणि साधी घेणाऱ्यांत काहीच फरक दिसला नाही. आता ती बनवणं बंद होईल."

काकूच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

"बंद? अहो, पण सुरुवातीला माझे हात किती बरे झाले होते!"

"तसं वाटतं काकू. एखादीला बरं वाटतं, एखादीला नाही. म्हणून तर सगळ्यांचं मिळून बघावं लागतं."

"मग माझ्या लेकीचं?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. "दुसरं काही निघेपर्यंत नेहमीचंच औषध. मला वाईट वाटतं."

त्या संध्याकाळी काकू घरी आली, तर लेक नकाशाच्या कागदापुढे बसली होती आणि पेन्सिल बोटांत नीट राहत नव्हती. आईला बघून तिनं हात झटकन मांडीखाली लपवला.

"दुखतंय?" काकूनं विचारलं.

"नाही गं. आणि ती गोळी येणारच आहे ना? तूच म्हणाली होतीस, हातात कात्री आपोआप आली म्हणून."

 काकूच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गोळी फोल कशी? आपल्याला तर तिचा गुण आला होता. आणि तो कमी कधी झाला? डबा सुरू झाला तेव्हापासून!

सकाळी तिनं बटणवालीला बाजूला घेतलं. "डॉक्टरीणबाईंना डब्याचं सांगायला हवं."

बटणवाली उखडलीच. "वेड लागलंय का तुला? काय चोरी केली आपण? वाटून खाल्लं! आणि आता सांगून काय, झाडून सगळ्यांची अब्रू घालवणार? गेलं ते गेलं. तेरी भी चूप, मेरी भी चूप."

"आपली अब्रू राहील गं," काकू म्हणाली, "पण माझ्या पोरीचे हात जातील त्याचं काय?"

बटणवाली पाठ फिरवून सुईत दोरा ओवायला लागली.

काकू एकटीच इस्पितळात गेली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेली बाई डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराशी कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग आत जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं. डबा, खुळखुळवणं, एका सुरातलं "हो, हो".

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकूला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खुर्चीत मागे टेकल्या.

"शेवटी कुणाला कुठली गोळी होती ते उघड झालं, तेव्हा साध्या गोळीवाल्यांच्या रक्तातही औषधाच्या खुणा दिसल्या," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तपासणीच चुकतेय. इतक्या शिस्तीच्या बायका! तुमच्यावर संशय घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही."

"पण वाटून घेण्यात एवढं काय बिघडलं, डॉक्टरबाई? मला खरंच कळत नाही. बटणवाली रडत होती हो."

 डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, नवं कापड धुतल्यावर आटतं की नाही, हे तुम्ही कसं बघता?"

"त्यात काय? एका मापाचे दोन तुकडे कापायचे. एक भिजवून वाळवायचा, एक कोरा ठेवायचा. मग एकावर एक ठेवून बघायचं. धुतलेला लहान दिसला की समजायचं, कापड आटतं."

"आणि कोऱ्या तुकड्याची कुणाला दया आली, आणि त्यानं तोही भिजवला तर?"

"तर मग दोन्ही आटतील. दोन्ही सारखेच दिसतील. बघणारा म्हणेल, कापड आटतच ना–"

 अरे देवा! कोरा तुकडा काकूनं स्वतःच्या हातानं भिजवला होता! ज्या औषधाकडे तिची लेक डोळे लावून बसली होती, त्याला खोटं पाडलं होतं ते तिच्याच मायेनं!

ती खाली बसली आणि ढसाढसा रडली.

"बटणवालीला साधी गोळी आली होती, हा तिच्यावर अन्याय नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.  "औषध खरं आहे की नाही, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित ते विषही ठरलं असतं, मग तीच भाग्यवान ठरली असती. साधी गोळी घेणारी बाई काही कमी करत नसते काकू. तिच्यावाचून खऱ्याची ओळखच पटत नाही. तिचं दान मोठं असतं."

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. पण तुम्ही माना डोलावल्यात, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. समजलं का, हे तुमच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. ती चूक माझी."

"आता?"

"आता पहिल्यापासून. तुम्ही आलात म्हणून निदान एवढं तरी शक्य आहे. नाहीतर या गोळीकडे पुन्हा कुणी वळूनही बघितलं नसतं. पण वेळ लागेल. पुष्कळ वेळ."

खरोखरच पुष्कळ वेळ लागला. औषध कुणी बनवायचं, परवानगी कुणी द्यायची, यात दिवस सरत गेले, आणि संधिवात काही कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. नवा अभ्यास दुसऱ्याच ठिकाणी उभा राहिला, तेव्हा काकूची लेक वयाच्या अटीत बसत होती. तिची बोटं मात्र एव्हाना बाहेरच्या अंगाला कलली होती आणि नकाशे सुटले होते.

अभ्यासाच्या पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काकूलाच बोलायला उभं केलं. समोर अनोळखी बाया-बापड्या बसल्या होत्या. काकूनं काही लपवलं नाही.

"मी वाटून खाल्लं," ती म्हणाली. "डबा वाटून खावा, दुःख वाटून घ्यावं, पण तपासणीची गोळी वाटू नये. कळलं नाही तर मान डोलवू नका, शंभरदा विचारा. जमत नसेल तर सोडून द्या, ती लाज नाही. पण घेतो म्हणून खोटं बोलू नका. तुमचं खोटं तुमच्यापाशी राहत नाही. जी माणसं तुम्ही कधी बघणार नाही, त्यांच्या औषधात ते मिसळतं."

काकूबरोबर आलेली बटणवाली मागच्या रांगेत बसली होती. ती उठून म्हणाली, "आणि मी हसले होते. तेही सांग."

अभ्यास सुरू झाला. लेकीला गुण येईना. तपासणीच्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईची बोटं मोकळी होऊ लागली, ती लेकीला उघडून-मिटून दाखवायची. लेकीबरोबर आलेल्या काकूच्या डोळ्यांपुढे दोघींच्या बाटल्या असायच्या. एक बाटली इकडची तिकडे केली, तर कुणाला कळलं असतं? तिचे हात शिवशिवायचे. "आई, मी सोडू का गं?" लेकीनं एकदा विचारलं.

"सोड. तुला मुभा आहे," काकू म्हणाली. "पण बदलून मी देणार नाही."

लेकीनं सोडलं नाही.

गोळी खरी निघाली! या वेळी फरक असा स्पष्ट दिसला की शंकेला जागाच उरली नाही. साधी गोळी घेतलेल्या सगळ्यांना मग खरं औषध मिळालं. लेकीलाही मिळालं. तिचं दुखणं थांबलं, सूज उतरली. वाकलेली बोटं मात्र सरळ झाली नाहीत. ती होणार नव्हतीच, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं.

औषध वेळेत मिळालेल्या कितीतरी अनोळखी मुलींचे हात आज शाबूत आहेत. काकूला त्याचं समाधान आहे का? आहे. पुरेसं आहे का? नाही. तसं ती म्हणतही नाही.

वाचकहो, औषधाचा खरेपणा डॉक्टरांच्या हुशारीवर जितका अवलंबून असतो, तितकाच तुमच्याआमच्या खऱ्या उत्तरावर. माया मोठीच, पण सत्याला बाजूला सारून केलेली माया शेवटी आपल्याच माणसावर उलटते. ही गोष्ट काकू प्रत्येक नव्या अभ्यासाच्या पहिल्या दिवशी सांगते. ऐकणारं कुणीतरी हटकून विचारतं, "मग तुमच्या लेकीचं काय झालं?" अशा वेळी लेक तिच्या शेजारीच बसलेली असते. ती आपले दोन्ही हात वर करून दाखवते.