टाकीवरची तारीख

नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गाचं सोशल मीडिया पेज चालवायचं खूळ माझंच. पुस्तकातली कर्तव्यं घोकून कुणी नागरिक होत नाही, असं मी मीटिंगमध्ये तावातावाने म्हटलं होतं. आता चांगलीच तोंडघशी पडले.

सकाळी नववीच्या मुलांनी शाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो पेजसाठी आणला. टाकीवर रंगाने लिहिलेलं, ‘धुणे – १२ जून’. आता जानेवारी. मुलांनी खाली लिहिलं, ‘सात महिने टाकी धुतलेली नाही. शिपाईमामा झोपलेत का?’ मी शुद्धलेखन तपासलं आणि टाका म्हणाले.

मधल्या सुट्टीपर्यंत चारशे जणांनी ते पुढे पाठवलं. पालकांचे फोन थांबेनात. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. “संस्थेचे अध्यक्ष भडकलेत. मामांना आजच घरी बसवा म्हणतात.”

मी धावतच गच्चीवर गेले. मामा तिथेच झाडत होते.

“बाई, ती पुढची तारीख आहे,” ते म्हणाले. “झालेलं काम कोण लिहून ठेवतं? करायचं तेच लिहितात ना! डिसेंबरात धुतलीय.” त्यांनी झाकण उचललं. तळ लख्ख दिसत होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

वर्गात हे सांगितल्यावर मजकूर लिहिणारी मुलगी रडकुंडीला आली. “बाई, पोस्ट उडवू या ना. कुणाला कळणार पण नाही.”

“आणि मामांचं काय?” मी खेकसले. खरं तर राग माझाच मला आला होता. तळाचा फोटो टाकून मी स्वतः लिहिलं: टाकी डिसेंबरात धुतली आहे. मामांची चूक नाही. शहानिशा न करता परवानगी मी दिली.

शाळा सुटेपर्यंत ते अकरा जणांनी पुढे पाठवलं. अध्यक्षांना मी तीनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मामांच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं होतं.

फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. आवाजात राग नव्हता, तेच सहन होईना.

“बाई, पोरं फोटो काढायला वर आली, तेव्हा मी तिथेच होतो. मला विचारलं का नाही कुणी?”

फोटो कसा घ्यायचा, मथळा कसा द्यायचा, हे सगळं मी मुलांना शिकवलं होतं. मामांना विचारा, असं मात्र मी सांगितलंच नव्हतं. तेही मामांना सांगायची मला लाज वाटली.