पेटीत नसलेला सूर

ऋतुजा सोलापुरात हॉस्टेलवर राहून गाण्याच्या परीक्षेची तयारी करत होती. दोन स्वरांमधलं अंतर तिला काही केल्या ओळखता येईना. तिचे शिक्षक कमलाकर सर म्हणाले, "लहानपणापासून कानावर पडलेलं एखादं गाणं घे. त्यातल्या सुरांवरून अंतर लक्षात राहील."

तिच्या कानावर आईची ओवीच पडलेली होती. आई, केराबाई, सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं चालताना ती ओवी गायची. ऋतुजानं पहिली ओळ म्हटली. सर वरचा सूर पेटीवर शोधू लागले. एक पट्टी दाबली की पेटीचा सूर तिच्या सुरापेक्षा जरा खाली राही, पुढची दाबली की वर जाई.

"आई असंच म्हणते?"

"व्हय सर. रोज असंच."

त्यांनी तिला परत गायला लावलं. सूर तिथंच लागला. सरांनी पेटीचा भाता मिटला.

"तुझं चुकत नाही," ते म्हणाले, "पण परीक्षेत पेटीच वाजणार."

परीक्षेत पेटीवर स्वरांच्या तीन जोड्या वाजवून अंतर विचारलं. ऋतुजानं तिन्ही उत्तरं अंदाजानं दिली. तिन्ही चुकली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आपली ओवी म्हणलीस का तितं?"

"तितं कुणी गायलाच सांगितलं न्हाय, आई."