मुळे ठेवून जाणारा चोर

फुसाएबाईंच्या परसातला कॅमेरा माकडानं ओढून फोडला. तो बसवला होता माकडांवर नजर ठेवायलाच! मुलानं ओसाकाहून नवा पाठवला आणि तो जोडून द्यायला बाईंनी हिरानुमाला बोलावलं. चाळीस वर्षं त्यानं गावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. दुसरं कोण येणार?

"हा मागं नाही लावायचा, पुढच्या दारावर लावायचा," बाई म्हणाल्या. "मला चोर पकडायचाय."

"चोर? आपल्या गावात?"

"उलटा चोर, हिरानुमासान! पहाटे येतो, भाजी ठेवतो आणि पळतो. तीन वर्षं झाली."

हिरानुमानं मान खाली घालून खोकं उघडायला घेतलं. कारण तो चोर दुसरातिसरा कुणी नव्हता, तोच होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या ह्या.

त्याचं पाप एवढंच, की शेतात मुळे जास्त येत आणि घरात खाणारा तो एकटा. उघड दिले असते तर फुसाएबाई संध्याकाळच्या आत परतभेट घेऊन हजर झाल्या असत्या. यजमान गेले तेव्हा लोकांनी दिलेल्या शोकभेटींच्या बदल्यात, रीतीप्रमाणे, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढून घरोघर परतभेटी पोचवत फिरल्या होत्या. ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मुळे वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप.

त्यानं नवा कॅमेरा रेकॉर्डरच्या शेजारी ठेवला, वीज जोडली. रेकॉर्डरच्या यादीत अजून जुनाच कॅमेरा ठाण मांडून होता. तो काढल्याशिवाय नव्याला जागा मिळणार नव्हती. हिरानुमाचं बोट बटणावरच थबकलं. 'हे दोन एकमेकांशी जुळत नाहीत, परत पाठवा' म्हटलं की सुटका. बाईंना त्यातलं काय कळणार?

"पकडून काय करणार त्याला?" त्यानं विचारलं.

"काय करणार! नाव तर कळेल." बाई चहा ओतता ओतता थांबल्या. "फेब्रुवारीत चार दिवस काहीच आलं नाही. मेला की काय बिचारा, म्हणून जीव नुसता टांगणीला. आणि दार तरी कुणाचं वाजवू? नावच ठाऊक नाही."

हिरानुमानं जुना कॅमेरा यादीतून काढला. रेकॉर्डरवर जोडणीचं बटण दाबलं, मग कॅमेऱ्याच्या बुडाचं. हिरवा दिवा लुकलुकत राहिला आणि मिनिटभरानं स्थिर झाला. टीव्हीवर चहाची किटली दिसू लागली आणि बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्यालाही बरं वाटलं. हात अजून शाबूत होते. पहाटेचं पहाटे बघू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

शिडी लावून त्यानं कॅमेरा दारावर बसवला.

"आता बाहेर उभे राहा," बाई आतून ओरडल्या. "चेहरा नीट दिसतो का बघते."

तो बाहेर आला, पायरीला वळसा घालून लोणच्याच्या पिंपामागं गेला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

"दिसतोय का?"

त्यानं पुन्हा विचारलं. मग दार सरकलं आणि बाई उंबऱ्यात आल्या.

"लोक दारासमोर उभे राहतात, हिरानुमासान. भाजी पिंपामागच्या कोपऱ्यात असते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

त्यानं पायांकडं पाहिलं. तीन वर्षांच्या सवयीनं पाय बरोब्बर तिथंच आले होते, जिथं मांजर पोचत नाही आणि बर्फ पडत नाही. त्यानं टोपी काढली.

"फेब्रुवारीत काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"ताप."

"चारही दिवस?"

"हो."

"पेज कुणी करून घातली?"

हिरानुमा टोपीची कड चाचपू लागला. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांना त्याचा रागही आला.

"उद्यापासून दार वाजवायचं. आणि ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवशी मी पेज घेऊन येईन. गुडघ्यांचं माझं मी बघेन."

परतभेट नको, हे त्याच्या अगदी ओठांवर होतं. पण त्यानं टोपी छातीशी धरली आणि खाली वाकून मान तुकवली.