किरकोळ जुळणी बाकी

माझे सासरे दंतवैद्य आहेत. लोकांची दाढ ते वीस मिनिटांत काढून हातात देतात. घराखालच्या गॅरेजमधली गाडी मात्र त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी उघडली, ती उघडीच राहिली.

गाडी जुनी, गोल दिव्यांची, फुगीर बॉनेटची. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून त्यांनी ती टोचन लावून आणली, तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते दवाखान्यातला जुना पांढरा कोट चढवून खाली उतरत. एक बोल्ट काढत, दात पॉलिश करायच्या मशीनवर आरशासारखा चमकवत, औषधाच्या रिकाम्या डबीत घालत आणि डबीवर बारीक अक्षरात लिहीत: ‘वरचा उजवा, मागून तिसरा.’ अख्खं इंजिन त्यांनी असं दातांच्या हिशेबानं उतरवलं होतं. एकशे बारा डब्या झाल्या होत्या. काढलेलं परत बसवायचा विषय निघाला की ते म्हणत, “घाई केली की काम बिघडतं.”

त्यात सुटे भाग जमवायचा नाद. कुठंही काही दिसलं की उचलायचं. बाजूचे आरसे सहा होते, सहाच्या सहा डावीकडचे. “उजवा मिळणं फार अवघड असतं,” असं ते अभिमानानं सांगत.

सासूबाई तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. त्यांच्या नजरेतून चुकीचा स्वल्पविराम सुटत नसे, पण एवढी मोठी गाडी त्यांनी एकोणीस वर्षं सोडून दिली होती. तिला त्या ‘खालचा पेशंट’ म्हणत. “खालच्या पेशंटला बरं वाटेपर्यंत आमचं जेवण थांबलंय,” एवढीच काय ती तक्रार.

मग त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि हाडांच्या डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. घर वर, चोवीस पायऱ्या; इस्पितळातून त्यांना खुर्चीसकट उचलूनच वर आणलं होतं. खाली एकच खोली, आणि तिच्यात पेशंट.

सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि एक आराखडा काढून आणला. इंजिन उचलायचा चेनब्लॉक घरात होताच. तो गच्चीला अडकवायचा, त्याला खुर्ची बांधायची, आणि सासूबाईंना खिडकीतून खाली-वर करायचं.

सासूबाईंनी आराखडा चष्मा लावून नीट पाहिला. “खुर्चीतला ‘ची’ ऱ्हस्व काढलाय,” त्या म्हणाल्या. “आणि गाडी विका.”

जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे टाइप करायचं. सासरे येरझाऱ्या घालत सांगत होते. “लिहा. दुर्मीळ गाडी. अत्यंत प्रेमानं सांभाळलेली. काम जवळपास पूर्ण, किरकोळ जुळणी बाकी. भरपूर सुट्या भागांसह. फक्त योग्य घरी द्यायची आहे.”

“गाडी विकताय की पोरगी देताय?” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडून कागद मागवला आणि लाल पेन घेतलं. ‘जवळपास’ गेलं, ‘पूर्ण’ गेलं. ‘किरकोळ’भोवती त्यांनी गोल केला आणि समासात प्रश्नचिन्ह टाकलं. बऱ्याच घासाघिशीनंतर तेवढा एक शब्द सासऱ्यांनी वाचवला.

फोन येऊ लागले. पहिल्यानंच विचारलं, “सुरू होते का?”

“सुरू होणं हा वेगळा विषय आहे,” सासरे गंभीरपणे म्हणाले. फोन ठेवला गेला.

मग एक जाणकार आले. जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा मंडळाचे सभासद असल्याचा बिल्ला त्यांच्या कोटावर होता. त्यांनी गाडीभोवती सात फेऱ्या मारल्या, तीन वेळा चहा घेतला, दरवाज्याची मूठ पुढच्या वर्षीच्या मॉडेलची आहे हे दुःखद सत्य सांगितलं आणि दोन तासांनी निघाले. तुमच्याकडे कुठली गाडी आहे, असं मी दारात विचारलं. “मी बसनं आलोय,” ते म्हणाले.

तिसरा आला तो एका नव्या कॉफीच्या दुकानाचा मालक. तरुण, गोड बोलणारा. त्याला इंजिनात रस नव्हता. गाडी मधोमध कापून पुढचा भाग भिंतीवर लावायचा, मागच्या सीटचा सोफा करायचा, डब्या काउंटरवर शोभेला मांडायच्या, असा त्याचा बेत. तो बोलत असताना सासऱ्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता हे याचा एखादा चांगला दात काढणार.

शनिवारी एक बाई आल्या. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक, शेवटची दहा वर्षं तिथल्या प्रमुख, आता निवृत्त. हातात टॉर्च, खांद्यावर फडकं. त्यांनी चहा नको म्हटलं आणि सरळ गाडीखाली शिरल्या. बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते. मग बाहेर येऊन त्यांनी दहा-बारा डब्या उघडून पाहिल्या. ‘खालचा डावा, सहावा’ वाचून थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “दाढ का?”

सासऱ्यांचे डोळे चमकले. एकोणीस वर्षांत त्यांची भाषा प्रथमच कुणाला कळली होती.

“काम स्वच्छ आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “इतके स्वच्छ बोल्ट मी जन्मात पाहिले नाहीत. फक्त लावायचे राहिलेत.”

“किती वेळ लागेल असं वाटतं?” सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. “चार महिने. पाऊस-पाणी, आजारपण धरून.”

सासऱ्यांच्या डोळ्यांतली चमक गेली. त्यांनी नम्रपणे सांगितलं की आणखी एक गिऱ्हाईक आहे, विचार करून कळवतो.

त्या गेल्यावर सासरे म्हणाले, “तो कॉफीवाला मुलगा मला बरा वाटतो.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. “बाबा, तो कापणार आहे तिला!”

“कलात्मक दृष्टी आहे त्याला. शेकडो लोक रोज बघतील. ही बाई काय, डेपोतली. बस आणि ही गाडी यात फरक आहे की नाही?”

“पण ती पुरी करेल.”

“चार महिन्यांत? शक्यच नाही. वाट लावेल.”

सासूबाई वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायचा व्यायाम करत होत्या. त्या मध्येच थांबल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “वाट लावेल म्हणून तुम्ही घाबरलेला नाहीत. पुरी करेल म्हणून घाबरलाय. तिनं चार महिन्यांत केली तर तुमच्या एकोणीस वर्षांचं काय सांगायचं, हा तुमचा प्रश्न आहे.”

सासरे उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. सोमवारी सकाळी त्यांनी बाईंना फोन केला.

गाडी गेली त्या दिवशी डेपोतले तीन जुने कामगार टेम्पो घेऊन आले. सासऱ्यांनी एकेक डबी यादीप्रमाणे हातात दिली. सहा डावे आरसेही दिले. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला होता आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

गॅरेजला रंग लागला, मोठी खिडकी बसली, सासूबाईंचा पलंग खाली आला. तिथूनच त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून गप्पा मारू लागल्या. सासरे मात्र रविवारी काय करावं न सुचून घरभर फिरायचे. आणि दर रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजायचा.

“डॉक्टर, यादीतला वरचा डावा चौथा सापडत नाहीये.”

“असेल तिथंच. नीट बघा.”

वरचा डावा चौथा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. इंजिनाला ठिणग्या वाटून देणारा मुठीएवढा डबा. तो नसेल तर बाकी सगळी गाडी म्हणजे रंगवलेलं कपाट. हे मला नंतर कळलं.

तीनेक महिन्यांनी माझी दाढ ठणकायला लागली. सासऱ्यांच्या खुर्चीत मी आ वासून पडलो होतो. तोंडात कापूस, ओठ बधिर, आणि नजर समोरच्या काचेच्या कपाटावर. तिथं प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. कुणाची कवळी, कुणाचं मोजमाप. आणि दोन जबड्यांच्या मागे, आरशासारखा चमकवलेला, एक मुठीएवढा डबा. त्यावर चिठ्ठी: ‘वरचा डावा, चौथा.’

“आँ!” मी म्हणालो.

“दुखतंय?”

“आँ! आँ!” मी बोट दाखवलं.

त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा माझ्या तोंडात डोकं घातलं. “नमुना आहे,” ते म्हणाले.

चूळ भरल्याबरोबर मी विचारलं, “कुणाच्या तोंडाचा?”

सासरे स्टुलावर बसले. हातमोजे एकेक बोट ओढून काढले. “फक्त आठवण म्हणून ठेवला होता,” ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, “नाही, आठवण म्हणून नाही. ती अडावी म्हणून.”

“आईंना सांगू?”

“नको. त्या लाल पेन काढतील.” त्यांनी डबा रुमालात गुंडाळला. “जाऊन देऊन येऊ. तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला जमायचं नाही.”

बाईंचं वर्कशॉप म्हणजे त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड. दुपारची वेळ होती. वाटभर सासरे माफीचं वाक्य जुळवत होते. ते डब्यांइतकंच सुटं सुटं होतं. शेडपाशी पोचलो आणि आतून आवाज आला. एकसारखा, खोल, पोट भरलेल्या मांजरासारखा.

गाडी सुरू होती.

गडद हिरवा रंग, दोन्ही बाजूंना आरसे. बाईंनी आम्हाला पाहून इंजिन बंद केलं आणि हात पुसले. सासऱ्यांनी रुमाल पुढे केला. त्यांचं वाक्य काही आलं नाही.

“अरे वा, सापडला!” बाई म्हणाल्या आणि खिशातून यादी काढून पेन्सिलीनं खूण केली. “मला दुसरा तिसऱ्याच आठवड्यात भंगारात मिळाला. लेथवर थोडा घासून बसवला.”

“मग फोन?” सासऱ्यांचा आवाज चिरका झाला होता. “दर रविवारी?”

“यादीत होता ना. घेतलेली वस्तू मिळायला पाहिजे.” बाई हसल्या. “आणि तुम्ही किती रविवार दम धरता, तेही बघायचं होतं. माझ्या हाताखाली साठ माणसं होती, डॉक्टर. पाना कुणी लपवलाय हे मला चेहरा न बघतासुद्धा कळतं.”

सासऱ्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, आता हे उलट्या पावली निघतील. पण ते गाडीजवळ गेले. बॉनेट उघडं होतं. ते वाकून एकेक बोल्ट बघू लागले, जुने पेशंट ओळखावेत तसे. “खालचा उजवा, दुसरा,” ते पुटपुटले. “हा तीन रविवार निघत नव्हता.”

“बसा,” बाई म्हणाल्या. “घरी सोडते.”

मी मागे बसलो, सासरे पुढे. एकोणीस वर्षं जी गाडी एक वीतही हलली नव्हती, ती वळणं घेत निघाली. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तर चार माणसं गोळा झाली. पंपावरच्यानं टाकीला नळी लावता लावता सासऱ्यांनाच विचारलं, “साहेब, कुणी केली ही? काय देखणी झालीय!”

मी डोळे मिटून घेतले. सासऱ्यांनी घसा खाकरला.

“यांनी,” ते बाईंकडे हात करून म्हणाले. “मी फक्त उघडली होती.”

पुढच्या सिग्नलला बाईंनी विचारलं, मागच्या ब्रेकच्या स्प्रिंगला आतून कुठलं ग्रीस लावलं होतं, एक कणही गंज नव्हता. सासरे सांगू लागले ते घर येईपर्यंत सांगतच होते.

सासूबाई खालच्या खोलीच्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या. त्यांनी गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचली. मागे गेल्या, नंबरप्लेटपाशी थांबल्या, पुढे आल्या. लाल पेन मागितलं नाही.

“मला वरच्या रस्त्यानं तळ्यापर्यंत जायचंय,” त्या बाईंना म्हणाल्या. “ऑपरेशन झाल्यापासून मी एवढ्या लांब गेलेच नाही. न्याल?”

“बसा की, ताई.”

सासरे उतरून त्यांच्यासाठी दार धरून उभे राहिले. सासूबाई सावकाश बसल्या, वॉकर मिटून त्यांच्या हातात दिला आणि दार आपल्या हातानं ओढून घेतलं. ते एका झटक्यात लागलं. गाडी निघाली. बाईंनी काहीतरी सांगितलं असावं, कारण वळणापर्यंत सासूबाईंचं हसू ऐकू येत होतं.

सासरे वॉकर धरून रस्त्यात उभे होते.

“चला,” ते थोड्या वेळानं म्हणाले, “चहा टाकू. चौघांचा. त्या आल्यावर गरम लागेल.”