मागची सीट

नव्या बंगल्यासाठी ऑगस्टीनच्या आईने मागची पडवी पाडली, तेव्हा केळीच्या वाळक्या पानांखाली गाडलेली जुनी जावा मोटारसायकल बाहेर आली. तिने ती भंगारवाल्याला देऊन टाकली. वटारच्या नाक्यावर गॅरेज चालवणाऱ्या क्लेमेंटला हे कळलं, तसा तो हातगाडीमागे धावला आणि गाडी घरी घेऊन आला. अंगणात ती आडवी टाकत तो बहिणीला म्हणाला, "बाय, हिचे तुकडे करतो. तुझ्यासमोर करतो."

मार्था ओट्यावर शिवणयंत्राशी बसली होती. डावा पाय नेहमीसारखा ताठ, बाजूला काढलेला. तिने यंत्र थांबवून गाडीकडे पाहिलं.

"तुकडे नको. चालू कर."

नव्वद साली याच गाडीवर, राजोडीच्या किनाऱ्यावरून येताना, ती ऑगस्टीनच्या मागे बसली होती. दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. सुरूच्या बागेजवळ गाडी घसरली आणि मार्थाचा गुडघा तिच्याखाली चिरडला. तो पुन्हा कधी वाकला नाही. ती हॉस्पिटलात असतानाच ऑगस्टीनने फादरांसमोर आणि गावातल्या मोठ्या माणसांसमोर सांगितलं, की मार्था गाडीवर नव्हतीच; रस्त्याने एकटी चालली होती, अचानक आडवी आली. गाडी मुळात ज्याची, तो त्याचा बाप फर्डिनंड शेजारीच बसला होता. मार्था त्याच्याच अंगणातून गाडीवर बसून निघाली होती, 'सावकाश जा' असं त्यानेच म्हटलं होतं. पण तो गप्प राहिला. ऑगस्टीन बहारीनला गेला आणि तिथल्याच एका नर्सशी त्याने लग्न केलं. गावातल्या बायका मात्र वर्षानुवर्षं एकच विचारत राहिल्या, की संध्याकाळची ही एकटी राजोडीला गेली होती कशाला.

क्लेमेंटने सिलिंडरमध्ये डिझेल ओतून अडकलेला पिस्टन सोडवला, नवी वायरिंग टाकली, कार्बोरेटर उघडून साफ केला. बाकीचं मार्थाने केलं. सकाळची कामं उरकली की ती रॉकेलचा डबा आणि जुना टूथब्रश घेऊन बसायची. चाकाची एकेक तार घासायची. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरची चाळण झाली होती, तो बदलला. उंदरांनी कुरतडलेली सीट तिने नवं रेक्झीन आणून स्वतःच शिवली. टाकीवरचा गंज निघता निघत नव्हता. नखं काळी झाली, तरी तिने हात थांबवला नाही.

"त्याच्या गाडीला एवढा जीव लावतेस?" क्लेमेंटने विचारलं.

"त्याला लांबून ओळखू आली पाहिजे."

मागचं डावं पायदान वाकून आत गेलं होतं. क्लेमेंटने ते सरळ करायला हातोडा उचलला.

"ते तसंच राहू दे," मार्था म्हणाली. "माझा पाय त्याच्यावरच होता."

गाडी सुरू झाली त्या दिवसापासून तिने क्लेमेंटला एक काम लावलं. संध्याकाळी गाडी काढायची आणि फर्डिनंडच्या घरावरून सावकाश जायचं. फर्डिनंड अर्धांगवायूने खाटेला खिळला होता. आवाज त्याने पहिल्याच दिवशी ओळखला. मग तो गाडी मागू लागला. जेवण पुढे आलं की तोंड फिरवायचा, "माझी जावा आना" म्हणून रडायचा. हे सगळं मार्थाच्या कानावर येत होतं. ती क्लेमेंटला म्हणायची, "उद्यापण जा."

नाताळाला ऑगस्टीन बायको-मुलीसह आला आणि दोन दिवसांत मार्थाच्या अंगणात उभा राहिला. अंगाने सुटला होता. गाडी पाहून त्याचे डोळे तिच्यावरच राहिले. मार्थाकडे पाहणं त्याला जमत नव्हतं.

"पप्पांना शेवटचं बघायचंय तिला," तो म्हणाला. "मागशील ते देतो."

"मला काही नको. रविवारी मला मागे बसवून देवळापर्यंत ने. मिस्सा सुटायच्या वेळी. आणि त्या वेळी जे खोटं सांगितलंस, ते खोटं होतं एवढं सगळ्यांसमोर सांग. मग गाडी तुझी."

"माझी बायको असेल तिथे, मार्था."

"असू दे."

"इतकी वर्षं झाली."

"तुला झाली."

तो निघून गेला. रविवारी आला.

मार्था आडवी बसली, ताठ पाय बाहेर काढून. केळीच्या वाड्यांमधून गाडी निघाली तशी माणसं कुंपणाशी येऊन पाहू लागली. ऑगस्टीनची मान घामाने भिजली होती. ती त्याला धरून बसली नाही, सीटचा पट्टा धरून बसली.

देवळासमोर मिस्साची प्रार्थना आटोपून गर्दी बाहेर पडत होती. क्लेमेंट तिची काठी घेऊन थांबला होता. त्याने तिला उतरवलं. ऑगस्टीन गाडीवरच बसून राहिला आणि पुटपुटला, "त्या दिवशी मार्था माझ्या गाडीवर होती."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," मार्था म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. खोटं बोललो, असंही म्हणाला. त्याची आई पायऱ्यांवर थबकली. त्याच्या बायकोने मुलीचा हात धरला आणि कुणाकडे न बघता ती रिक्षाकडे चालू लागली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. ने गाडी." तोल सावरायला मार्थाने टाकीला हात लावला, मग बाजूला झाली.

ऑगस्टीन निघाला. तळ्यापर्यंत गेला आणि इंजिन खोकत बंद पडलं. त्याने किक मारली, पुन्हा मारली, कोट काढून हँडलवर टाकला आणि मारतच राहिला. मदतीला कुणी हललं नाही. शेवटी तो गाडी ढकलत चालू लागला.

क्लेमेंटने बहिणीकडे पाहिलं. "पेट्रोलचा कॉक बंद केलास तू."

"हो."

"म्हाताऱ्याला सकाळपासून ओट्यावर खुर्चीत आणून बसवलंय, बाय. आवाज ऐकायला."

"माहीत आहे मला," मार्था म्हणाली, आणि ऑगस्टीन वळणाआड दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.